निर्दोष सुटलो, आता पोलिसांवर दावा लावू का?

पत्राचा सारांश: पत्रलेखक तिशीतले आहेत, निपाणी परिसरात फ्लेक्स छपाईचं दुकान चालवतात. ऑक्टोबर 2021 मध्ये त्यांच्या गावाजवळ एका बसवर दगडफेक झाली. कंडक्टरची तक्रार अनोळखी वीस-पंचवीस जणांविरुद्ध होती. दुसऱ्या दिवशी, 30 तारखेला रात्री दहाच्या सुमारास पोलीस यांना घरातून घेऊन गेले. मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं 1 नोव्हेंबरच्या संध्याकाळी, पण कागदावर अटक त्याच दिवशी सकाळची दाखवली. कन्नडमधल्या कागदांवर सह्या घेतल्या. दिवाळी हिंडलग्याच्या जेलमध्ये गेली. दगडफेकीच्या वेळी आपण फ्लेक्सचे रोल आणायला कोल्हापूरला होतो, कोगनोळी टोलनाक्यावर फास्टॅगची नोंद आहे, हे त्यांनी सांगून पाहिलं. कुणी ऐकलं नाही. गेल्या वर्षी आषाढीच्या दोन दिवस आधी ते निर्दोष सुटले. तरीही रावडी शीटवर (ठाण्यातल्या गुंडांच्या यादीत) नाव आहे आणि दर ऑक्टोबरअखेर ठाण्यात बोलावून बाँड लिहून घेतात. 'मराठी म्हणूनच मला अडकवलं. फौजदारावर एक कोटीचा अब्रूनुकसानीचा दावा लावायचा आहे. बहिणीचं लग्न उरकलं की या आषाढीला, वर्ष पूर्ण होईल तेव्हा. दावा कोल्हापूरच्या कोर्टात लावता येईल का? वडील म्हणतात, सुटलास ना, आता गप बस, इथंच राहायचं आहे.'

उत्तर:

तुमच्या पत्रातली सगळ्यात धोक्याची गोष्ट आधी घेते. ती फौजदारही नाही आणि एक कोटीही नाही, ती 'या आषाढीला' आहे.

खोटा खटला चालवल्याबद्दल भरपाईचा दावा निर्दोष सुटल्यापासून एक वर्षाच्या आत लावावा लागतो. 1963 च्या मुदत कायद्यात हे स्वच्छ लिहिलं आहे. वर्ष इंग्रजी तारखेनं मोजतात. तुमचा निकाल 4 जुलै 2025 चा. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे आषाढी 25 जुलैला येते. म्हणजे तुम्ही मनाशी धरलेल्या दिवशी कोर्टात गेलात, तर दार तीन आठवड्यांपूर्वीच लागलेलं असेल. शिवाय सरकार किंवा सरकारी अधिकाऱ्यावर दावा लावण्याआधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. नोटिशीचा काळ मुदतीतून वगळतात हे खरं, पण त्या सवलतीच्या भरवशावर शेवटच्या आठवड्यात धावणारे पक्षकार मी पाहिले आहेत. तो हिशेब वकिलाला करू द्या, आणि तोही याच महिन्यात. लग्न आणि नोटीस एकाच वेळी होऊ शकतं. नोटीस पाठवायला मांडव उतरावा लागत नाही.

आता 'दावा' म्हणजे नक्की कशाबद्दल? तुम्ही सगळं 'अब्रूनुकसानी' या एका पिशवीत भरलं आहे. तुमच्यावर झालेले अन्याय निरनिराळे आहेत आणि प्रत्येकाचं घड्याळ वेगळं आहे. 30 ऑक्टोबरच्या रात्रीपासून मॅजिस्ट्रेटपुढे नेईपर्यंत तुम्हाला बसवून ठेवलं, ती बेकायदा स्थानबद्धता. राज्यघटनेच्या 22 व्या कलमानं चोवीस तासांची मर्यादा घातली आहे, प्रवासाचा वेळ सोडून. तुमच्या ठाण्यापासून कोर्टापर्यंतचा प्रवास काही वीस तासांचा नव्हे. पण त्याबद्दलच्या दिवाणी दाव्याची मुदतही एकच वर्ष, आणि ती कैद संपल्यापासून मोजतात. तुम्ही जामिनावर नोव्हेंबर 2021 मध्ये सुटलात. ते वर्ष केव्हाच सरलं. खटला चालू असताना 'आधी निकाल लागू दे' म्हणून थांबायचा सल्ला बहुतेकांना मिळतो, तुम्हालाही मिळाला असणार, आणि नेमकं त्यातच हे पहिलं घड्याळ बंद पडतं. ज्यांच्यावरचा खटला आज चालू आहे, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

दुसरा अन्याय म्हणजे खटला. त्याचं घड्याळ अजून चालू आहे. तिसरा, रावडी शीट आणि दरवर्षीचा बाँड, तो तर आजही रोज घडतो आहे. तुमच्या पत्रात त्याला जेमतेम एक वाक्य मिळालं आहे. मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो, पण त्याच्याकडे शेवटी येते.

निर्दोष सुटलो म्हणजे पोलीस खोटे ठरले, असं तुम्ही धरून चालला आहात. कायदा तसं धरत नाही. भरपाईच्या दाव्यात चार गोष्टी तुम्हाला नव्यानं सिद्ध कराव्या लागतात: खटला समोरच्यानं चालवला किंवा चालवायला लावला, तो तुमच्या बाजूनं संपला, त्याला वाजवी कारण नव्हतं, आणि त्यामागे आकस होता. त्यानं तुमचं नुकसान झालं हेही दाखवावं लागतं. फौजदारी निकालपत्र दिवाणी कोर्टात एवढंच सांगतं की तुम्ही सुटलात. का सुटलात, याचा पुरावा पुन्हा पहिल्यापासून द्यायचा असतो. अक्षरधाम हल्ल्याच्या खटल्यात 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं ज्यांना निर्दोष सोडलं, त्यांनी नंतर भरपाई मागितली. त्यांची कित्येक वर्षं तुरुंगात गेली होती. तरी 2016 मध्ये त्याच न्यायालयानं सांगितलं की केवळ सुटका झाली म्हणून भरपाईचा हक्क निर्माण होत नाही. याउलट इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना 50 लाख मिळाले, पण त्यांच्या प्रकरणात आरोप खोटे असल्याचं सीबीआयनं स्वतःच सांगितलं होतं. तरीही 1994 ची अटक आणि 2018 चा निकाल, मधे चोवीस वर्षं.

म्हणून तुमचं निकालपत्र काय म्हणतं ते पाहावं लागेल. तुम्ही पाठवलेली दोन पानं मी वाचली. ती कन्नडमध्ये आहेत, आणि मला वाटतं तुम्ही स्वतः ती नीट वाचलेली नाहीत. नाहीतर पत्र वेगळं लिहिलं असतंत. न्यायाधीशांनी लिहिलं आहे की सरकार पक्षाला आरोप संशयापलीकडे सिद्ध करता आला नाही, कारण पंच आणि कंडक्टर फितूर झाले. टोलनाक्याबद्दल या दोन पानांत अवाक्षर नाही. म्हणजे फास्टॅगचं स्टेटमेंट तुमच्या वकिलांनी कोर्टात दाखल केलं होतं की नुसतंच तोंडी सांगितलं होतं, हे आधी शोधा. शिवाय फास्टॅग गाडी कुठे होती ते सांगतं, माणूस कुठे होता ते नाही. रोल ज्या दुकानातून घेतले तिथलं बिल, त्या दिवशीचं यूपीआय पेमेंट, दुकानदाराची साक्ष यांनी ती फट बुजवावी लागेल.

'फितूर' या शब्दानं मात्र निराश होऊ नका. कंडक्टर फितूर कसा झाला, ते पाहा. तुम्हीच लिहिलं आहे की त्यानं कोर्टात सांगितलं, 'मी या माणसाला पाहिलंच नाही, ठाण्यात सही कर म्हणाले म्हणून केली.' सरकारी भाषेत तो फितूर. तुमच्या दाव्यात तो तुमचा पहिला साक्षीदार आहे, कारण वाजवी कारण नव्हतं हे त्याच्याइतकं थेट दुसरं कुणी सांगू शकत नाही. त्याच्या जबानीची सर्टिफाईड नक्कल आजच मागा. फौजदारी खटल्यातली त्याची जबानी पुरेशी नाही, त्याला दिवाणी कोर्टात पुन्हा उभं राहावं लागेल. त्याच्या घरी जाऊन बसू नका, फोनही करू नका. वकिलांनी समन्स काढावं. नाहीतर तुम्हीच साक्षीदार फोडला असा कांगावा होईल.

आणि तो कंडक्टर कन्नड आहे, हेही तुम्हीच लिहिलंत. इथे मला 'मराठी म्हणूनच' या तुमच्या वाक्याशी थोडं भांडायचं आहे. मी सीमाभागातच वकिली करते. 1 नोव्हेंबर जवळ आला की कुणाची यादी निघते, सीमाभागातले मराठी लोक त्या दिवशी पाळतात त्या काळ्या दिनाच्या आदल्या रात्री कुणाच्या दारात जीप उभी राहते, येळ्ळूरमध्ये 2014 साली मराठी फलक हटवताना काय झालं, हे मला कुणी सांगायला नको. तुमचा संशय खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो दाव्यात पेलणार नाही, एवढंच म्हणते. 'पोलीस मराठी माणसाचा आकस धरतात' हे वाक्य कोर्टात सिद्ध करायचं तर तुम्हाला सगळ्या सीमाप्रश्नाचा खटला चालवावा लागेल. तो 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहेच. पण तुमच्या पत्रात आकसाचा ठोस पुरावा एका ओळीत दडला आहे. सप्टेंबर 2021 मध्ये याच फौजदारानं तुमच्या दुकानातले मराठी फ्लेक्स उचलून नेले, तुम्ही पंचनाम्याची प्रत मागितली, आणि तो म्हणाला, 'दिवाळीत बघतो तुला.' हे कुणी ऐकलं? दुकानातला कामगार? फ्लेक्स आणायला आलेलं गिऱ्हाईक? तुम्ही त्या वेळी कुणाला मेसेज केला होता? पंचनामा मागितल्याचा अर्ज लेखी होता का? दाव्यात आकस म्हणून हे लिहायचं: एक माणूस, एक दिवस, एक वाक्य, एक साक्षीदार. ऊसदरासाठी रस्त्यावर बसल्यामुळे उचललेल्या कन्नड शेतकऱ्यालाही आकस असाच सिद्ध करावा लागतो.

कन्नड कागदांवरच्या सह्यांबद्दल. अटकेची कारणं माणसाला कळतील अशा भाषेत सांगितली पाहिजेत, हे नवं नाही. 1962 साली हरिकिसन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं, इंग्रजी न समजणाऱ्या माणसाला स्थानबद्धतेची कारणं इंग्रजीत दिली म्हणून स्थानबद्धताच रद्द केली होती. नोव्हेंबर 2025 मध्ये महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात त्याच न्यायालयानं म्हटलं की कारणं लेखी आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यावीत. सीमाभागासाठी हा निकाल मोलाचा आहे. पण तो पुढच्या अटकांसाठी, तुमची अटक 2021 ची. आणि एक अवघड प्रश्न: तुम्ही शाळेत कन्नड शिकलात का? दुकानाचे कन्नड फ्लेक्स तुम्हीच जुळवता ना? मग 'मला कन्नड वाचता येत नव्हतं' हे वाक्य दाव्यात घालू नका. उलटतपासणीत सरकारी वकील तुमच्याच दुकानाचा फ्लेक्स पुढे धरेल, आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास बसणार नाही. 'वाचायला वेळ दिला नाही, प्रत दिली नाही' हे खरं असेल तर तेवढंच लिहा.

कोल्हापूरला दावा लागणार नाही. अन्याय जिथे घडला किंवा प्रतिवादी जिथे राहतो, तिथलंच कोर्ट चालतं, आणि तुमच्या बाबतीत दोन्ही बेळगाव जिल्ह्यात आहे. नोटीस द्यायची ती राज्य सरकारच्या सचिवांना किंवा बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांना, आणि फौजदाराला स्वतंत्रपणे. त्याशिवाय कर्नाटक पोलीस कायद्याचं 170 वं कलम आहे. पोलिसानं कामाच्या ओघात, किंवा अधिकाराची मर्यादा ओलांडूनसुद्धा, केलेल्या कृत्याबद्दल राज्य सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय त्याच्यावर खटला किंवा दावा दाखल करून घेत नाहीत. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कर्नाटकातल्याच एका प्रकरणात हे पुन्हा सांगितलं; कामाशी मुळीच संबंध नसलेल्या कृत्याला तेवढी परवानगी लागत नाही. ज्यानं उचललं त्याच्याच सरकारकडे 'याच्यावर दावा लावू का' असं विचारायचं, हे मला आजही संतापजनक वाटतं. पण अर्ज केला नाही तर दावा त्याच कारणावरून उडतो. परवानगी मिळवण्यात गेलेला काळही मुदतीतून वगळला जातो, म्हणून अर्जाची पोच तारखेसह जपून ठेवा.

एक कोटी का? रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागते, आणि न्यायाधीश हिशेब मागतात. त्या दिवाळीत शुभेच्छांच्या फ्लेक्सच्या किती ऑर्डरी गेल्या, वकिलांची फी, तारखांना दुकान बंद राहिलं ते दिवस, या सगळ्याचा कागद काढा. बँक पासबुक आणि आधीच्या दिवाळीची विक्री शेजारी ठेवली की आकडा आपोआप येईल. मनस्तापाची रक्कम त्यावर मागता येते. फौजदारी कायद्यात विनाकारण अटक करायला लावल्याबद्दल मॅजिस्ट्रेट भरपाई देऊ शकतो, तिची कमाल मर्यादा किती ठाऊक आहे? एक हजार रुपये. 2024 मध्ये नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तरी आकडा हजारच राहिला. खोट्या खटल्यांत भरडलेल्यांना भरपाई देणारी खास तरतूद कायद्यात करा, असं विधी आयोगानं 2018 च्या आपल्या 277 व्या अहवालात सुचवलं आहे. तशी तरतूद झालेली नाही.

दुसरी वाट धारवाडची. उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात रिट याचिका करून, मूलभूत हक्क मोडल्याबद्दल भरपाई मागता येते. (बिदर-भालकीच्या वाचकांना कलबुर्गी खंडपीठ.) तिथे वर्षाची पक्की मुदत नाही, पण उशिराचं कारण विचारतात, आणि वादग्रस्त गोष्टींवर साक्षीपुरावे सहसा घेत नाहीत. तुमची अटक 30 तारखेची की 1 तारखेची, हाच वाद आहे. मग एक गोष्ट आठवा: मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं तेव्हा तुम्ही 'परवा रात्री उचललं' असं सांगितलं होतं का? रिमांडच्या आदेशात त्याची नोंद आहे का? जेलमध्ये दाखल करताना डॉक्टरांनी काही लिहिलं का? या तीन नकला मिळाल्यावर धारवाडचं ठरवा. ठाण्याचं सीसीटीव्ही चित्रण आता मिळायचं नाही. ते अठरा महिने, निदान एक वर्ष जपावं, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा आदेश आहे, पण तुम्ही मागितलंच नाही.

ज्यांच्या घरी उद्या ही वेळ येईल त्यांच्यासाठी: माणूस नेल्याबरोबर घरातल्या कुणीतरी एसपींना ईमेल करावा. कधी नेलं, कुठून नेलं, जीपचा नंबर, एवढंच. मराठीत लिहिला तरी चालतो. कर्नाटकातलं सरकार मराठी तक्रार भाषेचं कारण देऊन नाकारतं तेव्हा त्याला घटनेचं 350 वं कलम दाखवावं, पण त्या रात्री वाद नको, इंग्रजी किंवा कन्नडमध्ये दोन ओळी जोडाव्यात. मॅजिस्ट्रेटपुढे उचलल्याची वेळ तोंडानं सांगावी आणि लिहून घ्यायला विनवावं. चित्रण जपण्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा. मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करायचीही मुदत घटनेपासून एकच वर्ष आहे.

आता रावडी शीट. निर्दोष सुटल्यावरही तुम्ही दर ऑक्टोबरला ठाण्यात जाऊन बाँडवर सही करता. कुणाच्या आदेशानं? चांगल्या वर्तणुकीचा बाँड घ्यायचा तर कार्यकारी दंडाधिकाऱ्याची लेखी नोटीस लागते, त्यात काय माहिती मिळाली ते लिहावं लागतं, आणि तुम्हाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. फौजदारानं फोन करून बोलावलं आणि कोऱ्या कागदावर सही घेतली, ही ती पद्धत नव्हे. निकालाची सर्टिफाईड नक्कल जोडून एसपींकडे अर्ज करा: ज्या एकमेव गुन्ह्यामुळे नाव घातलं तो टिकला नाही, शीट बंद करावी. उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर धारवाडला जायला तुमच्याजवळ ताजं, बिनवादाचं कारण आहे. याला एक कोटीची कोर्ट फी लागत नाही. मला विचाराल तर हे काम आधी करा, आणि भरपाईची नोटीस त्याच आठवड्यात. भरपाईचा दावा हरलात तरी शीट बंद झाली असेल, तर येत्या ऑक्टोबरपासून तुमचं आयुष्य बदललेलं असेल.

वडिलांना भित्रे समजू नका. त्यांची भीती हिशेबी आहे: त्या फौजदाराची बदली झाली तरी ठाणं तिथेच राहणार, आणि दुकानही. दावा पाच-सात वर्षं चालेल, त्यात दर तारखेला तुम्हालाच जावं लागेल. खटल्याची चार वर्षं तुम्ही भोगलीत, आता पुन्हा तेवढी तुमच्या इच्छेनं घालवायची आहेत का, हा प्रश्न बायको असेल तर तिलाही विचारा. पत्रात तिचा उल्लेखच नाही, आणि तुमच्यामागे दुकान तिनं चालवलं असणार.

वकिलांकडे जाताना वडिलांना बरोबर न्या, त्यांची समजूत घालायला नव्हे. 30 ऑक्टोबरच्या रात्री दार कुणी उघडलं, जीप कधी आली, हे शपथेवर सांगू शकेल असा तुमच्याकडे दुसरा माणूस नाही. ते साक्षीला उभे राहणार आहेत की नाहीत, हे नोटीस जाण्याआधी कळायला हवं.